क्लोरीनला वळसा घालून फॉस्फरस–कार्बन बंध

प्रश्न : ट्रायफेनिलफॉस्फिनसारखी सेंद्रिय फॉस्फरस संयुगे क्लोरीन न वापरता, निकेल उत्प्रेरक आणि वीज यांच्या साहाय्याने बनवता येतात, असे वर्गात सांगितले गेले. वीज असताना उत्प्रेरकाची गरज काय? आणि ही पद्धत खरोखरच प्रदूषणमुक्त आहे का?
— एम. एस्सी.ची एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : रूढ पद्धतीत पांढऱ्या फॉस्फरसवर क्लोरीनची क्रिया करून आधी फॉस्फरस ट्रायक्लोराइड बनवतात आणि मग क्लोरोबेंझिन व सोडियम यांच्याशी त्याची अभिक्रिया घडवून आणतात. ज्या क्लोरीनचा एकही अणू अंतिम पदार्थात राहत नाही, तो आधी जोडायचा आणि नंतर मीठ म्हणून काढून टाकायचा, असा हा उलटा प्रवास आहे; 262 ग्रॅम ट्रायफेनिलफॉस्फिनमागे सुमारे 350 ग्रॅम मीठ उरते. शिवाय फॉस्फरस ट्रायक्लोराइड हे विषारी, पाण्याशी जोराने क्रिया करणारे रसायन असून रासायनिक अस्त्रबंदी कराराच्या नियंत्रित यादीत त्याचा समावेश आहे.

विजेच्या पद्धतीत पांढरा फॉस्फरस आणि ब्रोमोबेंझिन यांपासून थेट सुरुवात होते. ब्रोमोबेंझिनचे नुसत्या विजेने क्षपण करायचे, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन द्यायचे, तर ऋणाग्राला फार मोठा ऋण विभव द्यावा लागतो, आणि त्यातून तयार होणारा फेनिल गट (एक हायड्रोजन कमी असलेले बेंझिनचे वलय) फॉस्फरसपर्यंत पोहोचण्याआधीच द्रावकातला हायड्रोजन घेऊन बेंझिन होऊन जातो. बायपिरिडिन या सेंद्रिय रेणूशी जोडलेल्या निकेलचे क्षपण मात्र बरेच सहज होते. शून्य ऑक्सिडीकरण-अवस्थेतला हा निकेल कार्बन–ब्रोमीन बंधात शिरतो, फेनिल गट स्वतःशी धरून ठेवतो आणि तो पांढऱ्या फॉस्फरसच्या रेणूला, म्हणजे चार अणूंच्या चतुष्फलकाला, देतो. त्या रेणूतले बंधकोन अवघे 60 अंशांचे, म्हणून ताणलेले असल्यामुळे तो टप्प्याटप्प्याने उघडत जातो. रशियातील कझान येथील आर्बुझोव्ह संस्थेत यूलिया बुदनिकोवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रसायनाचा दीर्घकाळ पाठपुरावा केला आहे, आणि फॉस्फरस–कार्बन बंधाच्या प्रसिद्ध अभिक्रियेला ज्यांचे नाव आहे, त्या अलेक्सांद्र आर्बुझोव्ह यांच्याच शहरात हे घडावे, याचा मला विशेष आनंद वाटतो.

प्रदूषणाबाबतचे उत्तर धनाग्रावर अवलंबून आहे. या प्रयोगांत बहुधा जस्तासारखा झिजणारा धनाग्र वापरतात. एका रेणूमागे तीन इलेक्ट्रॉन लागतात, असे धरून हिशेब करा : 262 ग्रॅम पदार्थासाठी सुमारे 98 ग्रॅम जस्त विरघळते आणि 338 ग्रॅम झिंक ब्रोमाइड उरते. म्हणजे टाकाऊ क्षाराचे वजन जवळजवळ तेवढेच राहिले! क्लोरीन आणि फॉस्फरस ट्रायक्लोराइड टळले, हा लाभ मोठा आहे, परंतु केवळ विजेवर चालते म्हणून एखाद्या प्रक्रियेला ‘हरित’ म्हणणे मला मान्य नाही. विजेची मात्राही लक्षात घ्यावी. 1 अँपिअर प्रवाहाने, एकही इलेक्ट्रॉन वाया गेला नाही तरी, एवढ्या पदार्थाला 80 तास लागतात.

मला अधिक आशा वाटते ती दुसऱ्या वाटेबद्दल. तिच्यात डायएथिल फॉस्फाइट आणि बेंझोथायाझोलसारखे वलयी संयुग चांदीच्या संयुगाच्या उत्प्रेरणेने धनाग्रावर जोडले जातात. येथे हॅलोजन नको, वेगळा ऑक्सिडीकारक नको, आणि दोन्ही रेणूंतून निघालेले हायड्रोजन ऋणाग्रावर वायू म्हणून बाहेर पडू शकतात. मात्र या मार्गाने फॉस्फोनेट (फॉस्फरसला कार्बनबरोबरच ऑक्सिजनही जोडलेली संयुगे) मिळतात, ट्रायफेनिलफॉस्फिन नव्हे. शिवाय डायएथिल फॉस्फाइट आज फॉस्फरस ट्रायक्लोराइडपासूनच बनवले जाते, त्यामुळे कारखान्याच्या पातळीवर क्लोरीनची साखळी अजून तुटलेली नाही.