हिमालयातल्या पहिल्या ट्रेकला बॅगेत काय भरावं?

तुम्ही लिहिलंय की बेळगावच्या वडगावात राहता, जूनच्या अखेरीस मित्रांबरोबर मनालीजवळच्या हम्प्टा पास या खिंडीच्या ट्रेकला निघणार आहात, हिमालय पहिल्यांदाच. ट्रेकवाल्यांनी बेचाळीस वस्तूंची यादी पाठवलीय आणि "सगळं विकत घ्यायचं म्हटलं तर ट्रेकपेक्षा खरेदीच महाग पडायलीय, नेमकं लागतं काय?"

यादीतलं निम्मं तुमच्या घरातच निघेल. काठ्या, जाड जाकीट, गेटर (बुटात बर्फ-पाणी शिरू नये म्हणून पोटरीवर बांधायचं आवरण) असल्या वस्तू मनालीत भाड्याने मिळतात. तंबू, स्लीपिंग बॅग आणि बर्फावर बुटाखाली लावायचे स्पाइक बहुतेक आयोजक देतात, पण तसं एकदा फोन करून विचारून घ्या, गृहीत धरू नका. पैसे घालून घ्यायच्या माझ्या मते दोनच गोष्टी आहेत, बूट आणि पावसाचं जाकीट. दोन्ही ओलीपासून वाचायला.

आपल्याकडून पहिल्यांदा जाणारा माणूस थंडीच्या धास्तीने बॅग भरतो. मीही तशीच भरली होती. खरं तर ओल म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आषाढात चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी धरते, शाळेच्या गणवेशाला कुबट वास येतो. यातच आपण वाढलो. तरी हिमालय म्हटलं की डोळ्यांसमोर फक्त बर्फ येतो आणि आपण स्वेटरवर स्वेटर कोंबत बसतो.

थंडीचा हिशेब सोपा आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण अडीच हजार फुटांवर आणि हम्प्टा पास १४,००० फुटांवर, म्हणजे ४,२७० मीटरच्या आसपास. दर हजार मीटरला तापमान साडेसहा अंशांनी उतरतं. आपल्यात आणि त्या खिंडीत साडेतीन हजार मीटरचं अंतर, म्हणजे बावीस-तेवीस अंशांचा फरक. आपल्याकडे जूनच्या रात्री २०-२१ अंश असतात, त्यातून वजा करा. ढोबळच आहे, पण शून्याच्या अलीकडे-पलीकडे आलात ना? एवढी थंडी कोरड्या कपड्यांत सहज निभावते. ओल्या कपड्यांत नाही निभावत, हे मी भोगून शिकलो.

आम्ही चौघे गोवा एक्सप्रेसने दोन रात्री काढून दिल्लीला, तिथून बसने मनालीला गेलो होतो. चिकाच्या मुक्कामानंतर दुपारी पाऊस लागला. बॅगेवर रेनकव्हर चढवलं होतं, त्यामुळे मी निर्धास्त. पण रेनकव्हर बाहेरची बाजू झाकतं, पाठीला लागून असलेली बाजू उघडीच राहते. मानेवरून ओघळणारं पाणी खांद्याच्या पट्ट्यांवरून आत शिरतं आणि त्याच कव्हरच्या तळाशी पिशवीत साठावं तसं साठतं. बालू का घेरा या पुढच्या मुक्कामाला, बारा हजार फुटांच्या आसपास, तंबूत बॅग उघडली तर तळाशी ठेवलेले झोपायचे कपडे पिळून काढावेत असे झाले होते. थर्मल, लोकरी मोजे, आईने आग्रहाने दिलेला जाड स्वेटर, सगळं. अंगावर सुती बनियन आणि जीन्स, तीही चिंब. जीन्स एकदा भिजली की वजनाला दुप्पट होते आणि वाळायचं नाव घेत नाही. सूत पाणी धरून ठेवतं आणि ते पाणी अंगातली ऊब ओढत राहतं. एका मित्राच्या सुक्या पायजम्यात आणि गाइडने दिलेल्या मोज्यांत रात्र काढली. दात वाजायचे थांबायला दोन कप चहा लागला.

म्हणून बॅग भरताना सुरुवात इथून करा. झोपायचा एक संच वेगळा काढा. थर्मलचा वर-खाली जोड, लोकरी मोज्यांचा एक जोड, कानटोपी, पातळ हातमोजे. तो जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड पिळून रबर लावायचं आणि मुक्कामाला तंबूत शिरल्यावरच उघडायचं. सकाळी चालायचे कपडे ओले असले तरी तेच चढवायचे, सुक्या संचाला हात लावायचा नाही. ओले मोजे पायात सारताना शिव्या येतात तोंडात, येऊ द्या. चढ लागला की पाय आपोआप गरम होतात.

बाकीच्या सामानासाठी बॅगेच्या आतून एक मोठं प्लास्टिकचं अस्तर घाला. बाजारात यासाठी ड्राय बॅग नावाचा महाग प्रकार मिळतो. मी गावाकडून युरियाच्या पोत्यातली आतली पिशवी आणली, दोनदा साबणाने धुतली, तीन ट्रेक तीच वापरतोय. खानापूरकडे रोप लावणीच्या दिवसांत बायका पोत्याची खोळ डोक्यावरून घेऊन दिवसभर वाकून काम करतात, त्यांना कधी कुणी वॉटरप्रूफचं माहितीपत्रक दाखवलं नव्हतं.

आता बूट. आमच्यातल्या एकाने चुलतभावाचे महागडे ट्रेकिंग बूट मागून आणले होते. पाच वर्षं माळ्यावर खोक्यात पडलेले, दिसायला नवे कोरे. दुसऱ्या दिवशी दगडांतून चालताना उजव्या बुटाचा तळ टाचेकडून सुटला आणि तासाभरात मगरीसारखा आ वासून बसला. आतला फेसासारखा थर बोटाने कुस्करला तर शिळ्या केकसारखा भुगा पडत होता. अशा बुटांच्या तळात पॉलियुरेथेन असतं आणि ते हवेतल्या ओलाव्याने आतल्या आत सडतं, न वापरता ठेवलं की जास्तच. आपल्या हवेत पाच पावसाळे माळ्यावर काढल्यावर आणखी काय होणार? पुढचा सगळा ट्रेक त्याने नायलॉनची दोरी गुंडाळून काढला. तेव्हा मागून आणायचेच असतील तर बूट आधी महिनाभर रोज घालून चाला.

नवे घेतलेत तरी तेच करा. घोटा झाकणारे आणि तळाला खोल खाचा असलेले बघा. नेहमीच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठे घ्या आणि दुकानात जाड मोजे घालूनच बघा. उतारावर बोटं पुढे आदळतात, जागा नसेल तर नखं काळी-निळी होतात. निघायच्या आदल्या दिवशी नखं कापायची, हे कुठल्याच यादीत नसतं. बूट पायात बसवायला येळ्ळूरचा राजहंसगड आहे, वैजनाथ-महिपाळगडचा डोंगर आहे. पाठीवर बॅग घ्या, बॅगेत आठ किलो तांदूळ भरा आणि चढा-उतरा. येळ्ळूरचे लोक वळून बघतील, बघू देत.

पावसाच्या जाकिटाची परीक्षाही इथेच घेता येते. जूनचा पहिला आठवडाभर पाऊस लागला की जांबोटीवरून कणकुंबीला जा. मलप्रभा जिथे उगम पावते तिथला पाऊस दोन तास अंगावर घेऊन जे जाकीट शिवणीतून गळलं नाही, ते हिमाचलात गळणार नाही. पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा सैल रेनकोट, स्वस्त असतो आणि बॅगेसकट झाकतो, पण वाऱ्यात डोक्यावर येतो आणि पायाखालचं दिसत नाही. मी दोन्ही नेतो.

अंगावरच्या कपड्यांचे तीन थर. आत लवकर वाळणारा पॉलिएस्टरचा टी-शर्ट, क्रिकेट खेळायला घालतो तसला चालतो. मध्ये फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर. थंडीच्या दिवसांत आपल्याकडे तिबेटी लोक स्वेटर विकायला बसतात, त्यांच्याकडचा एखादा घरात असेल तर तोच बास. सगळ्यांत वर पावसाचं जाकीट. जाड फुगीर जाकीट चालताना घालायचं नसतं. चढताना ते घातलं की घाम येतो आणि घाम म्हणजे पुन्हा ओलच. ते बॅगेत सगळ्यांत वर ठेवा आणि थांबलात की लगेच घाला. पॅंट दोन पुरतात, एक पायात, एक बॅगेत. जीन्स घरी. मोजे चालायला तीन जोड. अंडरवेअर मोजून घ्या, आणि आई त्यात आणखी चार घालणार हे धरून चाला.

खिंडीपलीकडच्या शिया गोरू या मुक्कामाजवळ बर्फाचं वितळलेलं पाणी पायी ओलांडावं लागतं. दुपारी ऊन तापलं की बर्फ वितळून पाणी वाढतं, म्हणून गाइड सकाळची घाई करतात. पाण्यात बूट घालायचे नाहीत आणि अनवाणीही उतरायचं नाही, तळाला गोटे असतात आणि दहा पावलांत पाय बधिर होतात. मागून पट्टा असलेली सॅंडल लागते. हवाई चप्पल नेलीत तर ती चंद्रा नदीला अर्पण. छोटा टॉवेल हाताशी ठेवा, पलीकडे गेल्याबरोबर बोटांच्या बेचक्यांतून पाय पुसा.

खिंडीवर जूनमध्ये बर्फ असतोच. उंचीवर ऊन प्रखर, त्यात बर्फावरून परत येणारं. साधा फॅशनचा गॉगल चालत नाही, अतिनील किरण अडवणारा आणि बाजूनेही डोळे झाकणारा घ्या. सनस्क्रीन नाकाच्या खालच्या बाजूला आणि हनुवटीखाली पण लावा, ऊन खालूनही भाजतं. माझ्या नाकाची साल गावी आल्यावर आठवडाभर निघत होती.

डोक्याला बांधायची बॅटरी, पॉवर बॅंक आणि मोबाइल रात्री स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा, थंडीत चार्जिंग भराभर उतरतं. विमानाने जाणार असाल तर पॉवर बॅंक हातातल्या बॅगेतच. पाण्याच्या एक-एक लिटरच्या दोन बाटल्या. नळीवाली पिशवी मला पटत नाही, गळली की पुन्हा आपली ओलीची कथा. रात्री बाटलीत गरम पाणी भरून मोज्यात घालायची आणि पायाशी घ्यायची, सकाळी तेच प्यायचं. झाकण मात्र दोनदा तपासा.

खाण्याचं सांगतो, कारण यात माझी मतं पक्की आहेत. कुंदा नेऊ नका. दुधाचा पदार्थ, दोन रात्रींच्या रेल्वेत उन्हाळ्याच्या शेवटी आंबतो. गोकाकचं करदंट न्या. डिंक, गूळ, सुकं खोबरं, सुकामेवा असं सगळं एका वडीत, खराब होत नाही आणि थंडीत दाताला थोडं कडक लागलं तरी चघळायला वेळ भरपूर असतो. शेंगाची चटणी एका छोट्या डबीत. उंचीवर भूक मरते, समोरचं गरम जेवण नकोसं होतं, तेव्हा घरची चिमूटभर चटणी दोन पोळ्या पोटात ढकलते. आमच्या गाइडने तिसऱ्या दिवशी डबीच मागून घेतली.

औषधांत आधी तुमची रोजची, तीही दोन दिवसांची जास्त. मग पॅरासिटामॉल, ओआरएस, पोटाची गोळी, चिकटपट्टी, क्रेप बॅंडेज. आई कापराची पुरचुंडी देईल. हुंगायला बरं वाटतं, पण त्याने ऑक्सिजन वाढत नाही. चौदा हजार फुटांवर हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या जवळ येतो, श्वासागणिक ऑक्सिजन तेवढाच कमी, त्याला कापूर काय करणार? पुरचुंडी ठेवून घ्या, आईशी वाद घालू नका. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स म्हणजे ॲसिटाझोलामाइड या गोळीबद्दल निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर ती आवर्जून सांगा. ती घेतली की लघवी जास्त होते आणि बोटांना मुंग्या येतात, घाबरायचं कारण नाही. मात्र डोकं दुखतंय, मळमळतंय, चालताना तोल जातोय किंवा बसल्या जागी धाप लागतेय, असं झालं तर गोळी घेऊन पुढे चढायचं नाही. गाइडला लगेच सांगायचं आणि खाली उतरायचं. मित्र हसतील म्हणून लपवू नका.

बरोबर कुणी मुली असतील तर त्यांना सांगा, तारीख लांब असली तरी पॅड बॅगेत असू देत, आणि वापरलेले परत आणायला एक वेगळी काळी पिशवी.

सगळं भरून वजन करा. नऊ-दहा किलोच्या वर गेलं तर पुन्हा उपसा. जड सामान पाठीला लागून मधोमध, हलकं तळाला, फुगीर आणि पावसाचं जाकीट वर.

दोन काठ्या, गेटर आणि एक पोंचो माझ्याकडे पडून आहेत, भाड्यावर खर्च करू नका. टिळकवाडीत राहतो, इथे निरोप टाका आणि घेऊन जा. परत देताना पोंचो तेवढा वाळवून द्या.