तिसऱ्या चाव्याचा जाब कोणाला विचारायचा?

प्रश्न : माझी सव्वादोन वर्षांची मुलगी पुण्यात एका पाळणाघरात जाते. तीन आठवड्यांत एकच मुलगा तिला तिसऱ्यांदा चावला. या वेळी गालावर, रक्त येईपर्यंत. संचालिका म्हणतात, 'या वयात मुलं चावतातच.' त्या मुलाचं नाव सांगत नाहीत, सीसीटीव्ही दाखवत नाहीत. प्रवेश अर्जात 'इजा झाल्यास आम्ही जबाबदार नाही' असं होतं, त्यावर आमची सही आहे. नवरा पोलिसांत जायचं म्हणतो.

उत्तर : ताई, पोलिसांचं आधी सांगते. सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा होत नाही; भारतीय न्याय संहितेचं कलम 20 हेच सांगतं. केवळ आईवडील म्हणून त्याच्या पालकांकडूनही भरपाई मागता येत नाही, आणि चावला तेव्हा तो पाळणाघराच्या ताब्यात होता. नाव कळलंच, तर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. उद्या नोटीस तुम्हालाच यायची.

संचालिकाबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. पहिल्या चाव्यासाठी मीही कोणाला कोर्टात खेचणार नाही. पण त्यानंतर त्यांना माहीत होतं ना? मग दोघांना वेगळं ठेवलं का? खोलीत किती मुलं होती, मावशी किती? दुसऱ्या वेळी त्यांनी कळवलं, की आंघोळ घालताना तुम्हालाच वळ दिसला? तुमची केस या उत्तरांवर उभी राहील.

पाळणाघर फी घेऊन सेवा देतं. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये निष्काळजीपणा ही सेवेतली त्रुटी धरली आहे. घटनेपासून दोन वर्षांत, तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. दिलेली फी 5 लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकीलही लागतोच असं नाही (हे मी, स्वतः वकील असून, सांगतेय!). त्या सहीने घाबरू नका. पळताना गुडघा खरचटला तर ती ओळ दाखवोत; स्वतःचा हलगर्जीपणा तिच्या आड लपवता येईल असं त्यांनी समजू नये.

आजच डॉक्टरांकडे जा आणि केसपेपरवर 'माणसाचा चावा' असं तारखेसह लिहून घ्या. फोटो काढा. मग लगेच पाळणाघराला ईमेल करा : तिन्ही दिवसांचं चित्रण जपून ठेवा. जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून घाई. इतर मुलं दिसतात म्हणून ते प्रत देणार नाहीत कदाचित. तिथे बसून बघू द्या म्हणा.

कर्मचाऱ्यांनी मारलं किंवा जाणूनबुजून दुर्लक्ष केलं, तर बाल न्याय कायद्याचं कलम 75 लागतं. अशा संस्थेतल्या माणसांना 5 वर्षांपर्यंत सक्तमजुरी. 2016 मध्ये खारघरच्या पाळणाघरात कॅमेऱ्याने टिपली होती ती मारहाण. तुमच्या पत्रावरून तसं दिसत नाही. चित्रणात मावशी नुसत्या बघत उभ्या दिसल्या, तर मात्र 1098 (मुलांसाठीची हेल्पलाइन) आणि पोलीस दोन्ही.

मोठ्या रकमेची आशा धरू नका. डॉक्टरचा खर्च, उरलेली फी आणि डिपॉझिट लेखी मागा, पंधरा दिवसांची मुदत द्या. मुलीला तिथेच ठेवणार असाल तर 'दोघांना वेगळं ठेवा' हेही त्याच पत्रात लिहा आणि पोच घ्या.