बॅकअपचं सॉफ्टवेअर कोणतं, हा प्रश्न दुसरा. डिस्क कुठे ठेवणार ते आधी ठरवा

सांगलीत खणभागात तळमजल्यावर घर, विंडोज 11 चा पीसी, 400 जीबी फोटो-व्हिडिओ, शिवाय वडिलांच्या दुकानाच्या हिशेबाचं टॅली, आणि हे सगळं एकाच डिस्कवर. फुकटातलं सॉफ्टवेअर चालेल की विकत घेऊ, असं तुम्ही विचारलंय. फुकटातलं चालेल. पण त्याआधी माझी फजिती ऐका.

ऑगस्ट 2019 चा महापूर. आम्ही तेव्हा गावभागात राहायचो. माझा बॅकअप दर रविवारी व्हायचा, एकही रविवार चुकलेला नाही. पाणी चढायला लागलं तसा टीव्ही माळ्यावर टाकला, धान्याची पिंपं वर चढवली. 2005 ला पाणी जिथवर आलं होतं त्याच्या वर काही जात नाही, असं शेजारचे सगळेच म्हणत होते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पातळी 57 फुटांवर गेली. पीसी टेबलाखाली होता आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात. दोन्ही एकदमच बुडाले. मुलीच्या बारशाचे फोटो तेवढे वाचले, कारण मिरजेच्या मेहुण्यानं ते पेनड्राइव्हवर मागून नेले होते आणि पुसायचा आळस केला होता. माझ्या शिस्तीपेक्षा त्याचा आळस कामाला आला.

म्हणून दोन डिस्का घ्या, प्रत्येकी 1 टीबीची. एक घरात, दुसरी नदीपासून लांब विश्रामबागेत किंवा कुणा नातेवाइकाकडे वरच्या मजल्यावर. महिन्याला अदलाबदल करायची. जून उजाडला की पंधरा दिवसांनी.

गूगल ड्राइव्ह आहेच की, असं तुम्ही लिहिलंय. फुकटात तिथं 15 जीबी मिळतात, त्यातही जीमेल वाटेकरी. जागा विकत घेतली तरी 10 एमबीपीएस अपलोडवर 400 जीबी चढवायला जवळपास चार दिवस अखंड लागतील. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सिंक (दोन्हीकडच्या फाइली सारख्या ठेवणं) हा बॅकअप नव्हे. इकडे फोल्डर पुसला की तिकडेही पुसला जातो, ट्रॅशमध्ये ठरावीक दिवस राहतो आणि मग गेलाच. टॅलीच्या रोजच्या बॅकअप फाइलसाठी मात्र ड्राइव्ह उत्तम.

आता सॉफ्टवेअर. विंडोजमध्येच फाइल हिस्टरी आहे, कंट्रोल पॅनलमध्ये सापडेल. दर तासाला बदललेल्या फाइलींची प्रत घेते आणि जुन्या आवृत्त्याही ठेवते. पण ती डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप असल्या ठरलेल्या जागाच बघते. आपल्याकडे निम्म्या लोकांचे फोटो डी ड्राइव्हवर स्वतः बनवलेल्या फोल्डरात असतात. तो फोल्डर लायब्ररीत, म्हणजे विंडोजच्या त्या ठरलेल्या जागांत, घातला नाही, तर त्याची प्रत होतच नाही आणि तसं कोणी सांगतही नाही. शिवाय डिस्कच मेली तर विंडोज, टॅली, प्रिंटर सगळं पुन्हा पहिल्यापासून बसवायचं.

त्यासाठी अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे विंडोजसकट सगळ्याची हुबेहूब प्रत, हवी. जुन्या व्हिडिओंत सगळे मॅक्रियम रिफ्लेक्ट फ्री सांगतात. ती फुकट आवृत्ती कंपनीनं बंद केली, 2024 पासून तिला सुरक्षेचे अपडेटही नाहीत. मी वीम एजंटची फ्री आवृत्ती वापरतो. मुळात ऑफिसांसाठी बनवलेलं आहे, त्यामुळे पहिल्यांदा उघडल्यावर जरा बिचकायला होतं. पण पहिल्यांदा पूर्ण प्रत, मग फक्त बदललेला भाग, असं ते आपसूक करतं. इमेजमधून एकच फाइलही काढता येते. आणि बॅकअप संपला की डिस्क आपोआप इजेक्ट करायची सोय आहे, ती चालू करा. कायम जोडून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर (फाइली अडवून खंडणी मागणारा व्हायरस) पीसीबरोबरच कुलूपबंद करतं.

फोटोंची मात्र इमेजशिवाय एक साधी प्रतही ठेवा, फ्रीफाइलसिंक या फुकट सॉफ्टवेअरनं किंवा सरळ कॉपी-पेस्ट करून. उद्या हे सॉफ्टवेअर राहिलं नाही तरी जेपीजी कुठल्याही मशीनवर उघडेल. नवी डिस्क एफएटी 32 या जुन्या फॉरमॅटमध्ये असेल तर आधी एनटीएफएस करून घ्या, नाहीतर 4 जीबीपेक्षा मोठा लग्नाचा व्हिडिओ तिच्यावर जायचा नाही.

वीम बसवलं की त्याच दिवशी रिकव्हरी पेनड्राइव्ह (विंडोज बिघडलं तर पीसी ज्यावरून सुरू करायचा तो) बनवा आणि पीसी एकदा त्यावरून सुरू करून बघा. बॅकअपची डिस्क दिसते का? विंडोज 11 मध्ये बऱ्याचदा बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी सोय, नकळत चालू असतो; त्याची रिकव्हरी की (ते कुलूप उघडायचा आकडा) कागदावर लिहून दुसऱ्या डिस्कबरोबर ठेवा. मग एखादा फोल्डर परत आणून उघडून बघा. पैसे देऊन घेतलेल्या सॉफ्टवेअरनंही ही तपासणी चुकत नाही, म्हणून मी विकतच्या भानगडीत पडलो नाही.

टॅली उघडं असताना त्याचा डेटा फोल्डर कॉपी करू नका, अर्धवट प्रत होऊ शकते. ऑल्ट-वाय दाबून डेटामध्ये बॅकअप आहे, तोच वापरा. तेवढा आज रात्रीच घेऊन ड्राइव्हवर टाका, डिस्का यायची वाट बघू नका.