चार रुपये स्वस्त पेट्रोलसाठी छत्तीसगडात जायचं का?

देवरी तालुक्यातल्या एका भाऊंनी विचारलंय. बचत गटांच्या कर्जवसुलीचं फिल्डवर्क आहे, रोज 50 किमी फिरणं, महिन्याचे 26 दिवस, स्प्लेंडर 50 चा ॲव्हरेज देते. गावात पंप नाही. इकडे पेट्रोल 105 च्या आसपास आणि बॉर्डरपलीकडे 101, पण तो पंप घरापासून 16 किमी. म्हणतात, तिथंच टाकत जाऊ का, की दोन कॅनमध्ये 35 लिटर आणून घरी ठेवू, की सरळ 3,400 च्या हप्त्यावर इलेक्ट्रिक स्कूटर घेऊ?

भाऊ, तिकडे स्वस्त आहे हे खरंच आहे, कारण पेट्रोल जीएसटीत नाही, प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा. आपल्याकडे 25 टक्के आणि वरून लिटरमागे 5 रुपये 12 पैसे, छत्तीसगडात त्याहून कमी. (सिरोंच्याकडच्यांनी हे वाचून नदी ओलांडू नका बाप्पा, तेलंगणात 35.20 टक्के आहे.)

पण हिशोब पाहा. स्प्लेंडरची टाकी पावणेदहा लिटरची, रिकामी होत आली तेव्हा गेलात तर 9 लिटर बसेल, म्हणजे वाचले 36 रुपये. आणि जाऊन-येऊन 32 किमी म्हणजे तिकडच्याच भावानं 64-65 रुपयांचं पेट्रोल जळालं. दर फेरीला 28 रुपये खिशातून गेले आणि तासभर गेला तो वेगळाच. वसुलीसाठी किंवा सोयरिकीत त्या बाजूला जाणंच असेल तर टाकी फुल करून या, त्यात वाद नाही, पण निव्वळ पेट्रोलसाठी नाही.

कॅनचं तर डोक्यातून काढूनच टाका. 1934 च्या पेट्रोलियम कायद्यानं घरी बिनलायसनचं 30 लिटरच्या वर पेट्रोल ठेवता येत नाही, आणि तेवढंही प्लास्टिकच्या कॅनमध्ये नाही. बाजूला तणसाचा ढीग, घरात चूल, अन् सगळे मिळून वाचणार 140 रुपये. काऊन करता असं?

त्यापेक्षा तुमच्या मेसेजमध्ये शेवटी सहज लिहिलेली ओळ मला जास्त खटकली, की महिन्यातून चारेकदा गाडी रिझर्व्हला येते आणि किराणा दुकानातून 120 ची बाटली घ्यावी लागते. ती बाटली कधी मोजून पाह्यली का? आमच्या इथली मी मोजली, 900 मिली निघाली, तुमचीही तशीच असेल तर लिटरला 133 रुपये पडले! पंपावर शंका आली तर 5 लिटरचं शिक्का मारलेलं माप मागता येतं, 25 मिलीपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढं तक्रार करा. दुकानदाराला काय मागणार? चार बाटल्यांमागे महिन्याला शंभरेक रुपये जातात. बाजाराच्या दिवशी टाकी अर्धी असली तरी भरून टाकायची, एवढीच सवय लावा.

स्कूटर आत्ता नको. तुमचं अख्ख्या महिन्याचं पेट्रोल 26 लिटर, 2,730 रुपये, आणि हप्ताच 3,400, वरून चार्जिंगचं बिल. हप्ते फिटल्यावर परवडेल हे मान्य, पण रोज 50 किमी, पावसाळ्यात लाइट जाणार आणि सर्व्हिसिंगला गोंदियाला न्यायची. स्प्लेंडर बदलायची वेळ येईल तेव्हा परत विचारा.

आता खरी गोष्ट. ऑफिस तुम्हाला प्रवासभत्ता सरसकट 1,500 देतं म्हणता. फक्त पेट्रोलच किलोमीटरला 2 रुपये 10 पैसे पडतं, टायर, ऑइल, चेन-सेट धरलेच नाहीत, म्हणजे ऑफिसच्या कामासाठी तुम्ही दर महिन्याला 1,230 रुपये आपल्या पगारातून घालताय, वर्षाचे पावणेपंधरा हजार होतात, आणि आपण इथं 36 रुपयांवर डोकं लावत बसलोय. पुढचा महिनाभर रोज निघताना आणि घरी आल्यावर मीटरचा फोटो काढा, कोणत्या गावच्या मीटिंगला गेलात ते वहीत लिहा, पंपाच्या पावत्या जपून ठेवा आणि ते घेऊन मॅनेजरकडे जा, किलोमीटरप्रमाणे भत्ता मागा. एकट्यानं मागायला संकोच वाटत असेल तर ब्रँचच्या बाकी फिल्डवाल्या पोरांनाही वही लिहायला लावा, त्यांचंही तेच चाललं असणार.