डेटा सेंटरसाठी शाखा बदलावी का?

आपली कन्या यंत्र अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कमी विजेवर चालणारी डेटा सेंटर उभारण्याच्या क्षेत्रात तिला जायचे आहे आणि त्यासाठी संगणक शाखा घ्यावी का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते घेऊ नये.

सर्व्हरला, म्हणजे या केंद्रांतल्या सतत चालणाऱ्या संगणकांना, दिलेली जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णता होते, आणि ती अखंड बाहेर काढत राहणे हे काम तिच्याच शाखेचे आहे. सर्व्हर एकावर एक बसवलेल्या उभ्या चौकटीतील, म्हणजे रॅकमधील, एखादी रिकामी जागा पट्टीने झाकायची राहून गेली, तर मागची गरम हवा त्या फटीतून पुढे येते, वरच्या सर्व्हरला तापलेली हवा मिळते आणि त्या एका रॅकपायी सबंध दालन गरजेपेक्षा थंड ठेवले जाते. उलट, पट्ट्या नीट बसवून दालनात थंड हवा सोडणाऱ्या पंख्यांचा वेग २० टक्के उतरवता आला, तर त्यांना लागणारी वीज जवळपास निम्म्यावर येते, कारण ती वेगाच्या घनानुसार बदलते.

मुलाखतीत तिला ‘पीयूई’ नक्की विचारतील. केंद्राच्या एकूण विजेला संगणकीय यंत्रणेच्या विजेने भागून येणारे, ‘ग्रीन ग्रिड’ या उद्योगसमूहांच्या संघटनेने २००७ मध्ये पुढे आणलेले हे गुणोत्तर १ च्या जितके जवळ तितके चांगले. व्याख्या पाठ असलेले उमेदवार पुष्कळ भेटतात. तिने त्यातली खोच समजून घ्यावी. सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस असावी, अशी ‘आश्रे’ या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संघटनेची शिफारस आहे. तापमान वरच्या टोकाकडे नेले की कूलिंगची वीज वाचते. पण सर्व्हरचे आतले पंखे जोरात फिरू लागले, तर तो खर्च संगणकीय विजेत धरला जातो आणि एकूण बचत फारशी नसतानाही आकडा सुधारलेला दिसतो. बाष्पीभवनाने थंड करणाऱ्या केंद्राचा पीयूई देखणा असतो, पण त्याने किती पाणी संपवले हे त्यातून कळत नाही. शाश्वततेचा प्रश्न मला तरी तिथेच अधिक गंभीर वाटतो.

विद्युत वितरणाचा एखादा ऐच्छिक विषय आणि सेन्सरच्या नोंदी तपासण्यापुरते प्रोग्रामिंग तिने जरूर शिकावे. ही केंद्रे २४ तास चालतात, त्यामुळे सुरुवातीला रात्रपाळी येऊ शकते, याची आपणही तयारी ठेवावी. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी महाविद्यालयाच्या सर्व्हर-खोलीची परवानगी आताच मागावी आणि रॅकच्या पुढचे-मागचे तापमान खालपासून वरपर्यंत महिनाभर नोंदवावे.