दामदुप्पट : लगाम की आमिष?

विचारणा अशी आली : ‘पेपरात “दामदुप्पटीचे आमिष दाखवून गंडा” असं वाचतो. पण घरातल्या जुन्या कागदांत कोर्टाचा एक निकाल सापडला, त्यात “दामदुपटीच्या नियमाचा लाभ ऋणकोस मिळतो” असं वाक्य आहे. दुप्पट भरण्यात ऋणकोचा कसला लाभ?’

लाभ आहे. त्या निकालातली दुप्पट म्हणजे धनकोला, कर्ज देणाऱ्याला, घातलेला लगाम. थकलेलं व्याज मुद्दलाइतकं झालं की एका वेळी त्याहून जास्त व्याज मागायचं नाही, मग कर्ज कितीही जुनं असो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात हेच आहे : ‘कुसीदवृद्धिर्द्वैगुण्यं नात्येति’. (धान्याला मात्र पाचपटीपर्यंत सूट, दाणे उसने घेणाऱ्याचं काय व्हायचं कोण जाणे.) इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनी हा नियम हिंदू कायदा म्हणून चालवला, आणि १९४६च्या मुंबई सावकारी कायद्यातही मुद्दलापेक्षा जास्त थकीत व्याजाचा हुकूमनामा (वसुलीचा आदेश) द्यायला कोर्टाला बंदी होती.

आता यातली पळवाट बघा. शंभर रुपये, शेकडा दोन रुपये महिना. व्याज शंभरावर जायला चार वर्षं दोन महिने लागतात. पण १८५९च्या मुदतीच्या कायद्याने रोखा, म्हणजे कर्जाचा लेखी कागद, तीन वर्षांतच कालबाह्य होऊ लागला, त्यावर दावा चालेना. तिसऱ्या वर्षी बहात्तर रुपये व्याज झालं की सावकार म्हणायचा, ‘कागद बदलू’. नव्या रोख्यावर मुद्दलच एकशे बहात्तर! आणखी तीन वर्षांनी दोनशे पंचाण्णवच्या वर. दामदुपट कुठेही मोडली नाही, आणि शंभराचे जवळजवळ तीनशे झाले. अंगठा उठवणाऱ्याला हे वाचता येत नव्हतं.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याला दंगा झाला तेव्हा लोकांचा रोख रोख्यांवर होता तो यासाठी. गावोगाव सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं जाळली गेली. पुढे १८७९च्या शेतकरी कर्जनिवारण कायद्याने कोर्टाला रोख्यामागे जाऊन पहिल्या उसनवारीपासूनचा हिशेब तपासायची मुभा दिली.

शब्दाची फोड सोपी आहे. दाम हा ‘द्रम्म’वरून आला, आणि द्रम्म ग्रीकांच्या द्राख्मावरून. ‘साम, दाम, दंड, भेद’ मधला दाम मात्र मुळात ‘दान’. तो पैशाच्या नादाने बिघडला, असं मी गमतीने म्हणतो. दुपट म्हणजे दोन पट. जुन्या कागदांत एक ‘प’, आज ‘दुप्पट’. दोन्ही चालतील.

अर्थ कधी उलटला त्याची तारीख सांगता येत नाही, पण उलटला कसा ते दिसतं. नियम कर्ज घेणाऱ्याच्या तोंडचा होता, ‘दामदुपट झाली, आता पुरे’ असा. तोच शब्द गुंतवणूक गोळा करणाऱ्याच्या तोंडी गेला आणि ‘अमुक वर्षांत दामदुप्पट’ झाला. जी रक्कम शेवटची म्हणून ठरली होती, ती आता पहिल्याच पत्रकावर छापतात. आजच्या वापराला मी चूक म्हणणार नाही, रुळलाय तो. तुमच्या निकालातलं वाक्य मात्र जुन्याच अर्थाने वाचा, आणि त्यात मुद्दल किती धरलंय ते पाहा : पहिल्या रोख्याचं की बदललेल्या?