काप्री बेटावरून चाललेला कारभार

प्रश्न : रोमचा सम्राट टायबेरियस शेवटची अकरा वर्षे राजधानीत फिरकलाच नाही, असे वाचनात आले. मग एवढ्या मोठ्या साम्राज्याचा कारभार चालला कसा? कोणी त्याला क्रूर म्हणतात, कोणी उत्तम प्रशासक. खरे काय मानावे? त्याच्या काळाचा आपल्या भागाशी काही संबंध लावता येतो का?
– एक शिक्षिका, निपाणी

उत्तर : आपण लिहिलेली दोन्ही मते खरी आहेत, आणि ती एकाच माणसाला कशी लागू पडतात हे कळण्यासाठी त्याच्या तरुणपणाकडे पाहावे लागते. टायबेरियसचा जन्म इ.स.पू. ४२ चा. आई लिव्हिया हिने पुढे सम्राट ऑगस्टस झालेल्या ऑक्टेव्हियनशी विवाह केला, तेव्हा तो जेमतेम तीन वर्षांचा होता. मोठेपणी तो नावाजलेला सेनापती झाला. पण ऑगस्टसच्या आज्ञेमुळे त्याला आपली लाडकी पत्नी व्हिप्सानिया सोडून सम्राटकन्या ज्युलियाशी लग्न करावे लागले. पुढे एकदा व्हिप्सानिया अवचित समोर आली, तेव्हा तो भरल्या डोळ्यांनी तिच्याकडे असा पाहत राहिला, की ती पुन्हा त्याच्या दृष्टीस पडू नये अशी तजवीज करण्यात आली, असे रोमन चरित्रकार स्युटोनियस लिहितो. ऑगस्टसने वारस म्हणून पुढे आणलेले दोन्ही नातू वारल्यावरच टायबेरियसला दत्तक घेतले गेले, आणि इ.स. १४ मध्ये तो गादीवर आला तेव्हा चोपन्न वर्षांचा होता. मनाविरुद्ध जगलेल्या या माणसाचा कोणावर विश्वास बसू नये, यात मला नवल वाटत नाही.

कारभारी म्हणून मात्र तो चोख होता. प्रांतांवरचे कर वाढवावेत, असा सल्ला देणाऱ्या अधिकाऱ्यांना त्याने कळवले की चांगल्या मेंढपाळाने मेंढरांची लोकर कातरावी, कातडे सोलू नये. चिकोडी-अथणीकडच्या माळावर लोकर कातरताना धनगर एका हाताने मेंढराची कातडी ताणून धरतो आणि कातरीचे टोक तिला लागू देत नाही. हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या वाक्याचे मोल वेगळे सांगायला नको. इ.स. १७ मध्ये आशिया नावाच्या रोमन प्रांतातील (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातील) बारा शहरे भूकंपाने उद्ध्वस्त झाली, तेव्हा त्याने सर्वाधिक हानी झालेल्या सार्डिसला एक कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) देऊ केले आणि पाच वर्षांचे कर माफ केले. इ.स. ३३ मधली त्याची कृती मला त्याहून मोठी वाटते. सावकारीवरचा जुना कायदा कडकपणे लागू होताच सावकारांनी एकदम वसुली सुरू केली, कर्जदारांनी जमिनी विकायला काढल्या, आणि सगळेच विकू लागल्यामुळे भाव कोसळले. तेव्हा टायबेरियसने खजिन्यातून दहा कोटी सेस्टर्स पेढ्यांकडे दिले आणि दुप्पट किमतीच्या जमिनीच्या तारणावर तीन वर्षे बिनव्याजी कर्ज देण्याची सोय केली. कर्जापायी जमीन विकावी लागण्याचे दुःख आपल्याकडच्या शेतकऱ्यांना ठाऊक आहेच.

इ.स. ३३ चे हे काम त्याने इटलीच्या किनाऱ्याजवळच्या काप्री बेटावर राहून केले. इ.स. २६ मध्ये त्याने रोम सोडले, आणि त्यानंतर राज्य चालले ते पत्रांवर. ही पद्धत किती भयंकर होऊ शकते, हे १८ ऑक्टोबर ३१ रोजी दिसले. अंगरक्षक दलाचा प्रमुख सेजानस तोवर राजधानीचा जणू धनी झाला होता. सेनेटमध्ये, म्हणजे रोमच्या सरदारांच्या सभेत, सम्राटाचे लांबलचक पत्र वाचले जाऊ लागले तेव्हा नवा अधिकार मिळणार या अपेक्षेने तो बसला होता. पत्राचा सूर बदलत गेला तसे शेजारी बसलेले सभासद एकेक करून उठून दूर गेले, आणि शेवटी त्याच्या अटकेचा हुकूम निघाला. त्याच दिवशी त्याला ठार केले गेले. पुढे त्याच्या कोवळ्या मुलांनाही सोडले नाही. राजद्रोहाच्या खटल्यांत माणसे मारली गेली. इतिहासकार टॅसिटस आणि स्युटोनियस यांनी हे सुमारे ऐंशी वर्षांनंतर लिहिले, आणि काप्रीवरच्या चैनीच्या गोष्टी मी पारखल्याशिवाय स्वीकारत नाही; परंतु या हत्यांचा दोष त्याच्या चोख हिशेबाने धुऊन निघत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. १६ मार्च ३७ रोजी तो वारला तेव्हा खजिन्यात दोनशे सत्तर कोटी सेस्टर्स होते, असे स्युटोनियस सांगतो. ते त्याच्यानंतर गादीवर आलेल्या कॅलिगुलाने वर्षभरातच उडवले.

आता आपल्या भागाविषयी. आपल्याला निपाणीहून कोल्हापूर जवळच आहे. तेथील टाऊन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती अवश्य पाहावी. ती रोमन व्यापाराबरोबर आलेली आहे. टायबेरियसचा थेट पुरावा मात्र चित्रदुर्गजवळच्या चंद्रवळ्ळीला मिळाला, तो त्याच्या चांदीच्या दिनारांच्या रूपाने. एका बाजूला पानांचा मुकुट घातलेला त्याचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला आसनावर बसलेली स्त्री, असे हे नाणे बोटाच्या पेरावर मावते. इ.स. २२ मध्ये सेनेटला लिहिलेल्या पत्रात त्याने तक्रार केली होती की रत्नांच्या हौसेपायी आपला पैसा परक्या मुलखांत जात आहे. त्या परक्या मुलखांत आपला दक्षिण भारतही होता.